तापाबरोबर श्वासही मोजा

मिरगाचा पाऊस सुरू झाला की आमच्या बेळगाव-खानापूरकडे दोन कामे एकदमच अंगावर येतात. शेतात चिखलणी आणि रोपाची लावणी, घरात मुलांच्या सर्दी-तापाची उस्तवार. शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात. एका बाकावर तीन-चार मुले, पावसाच्या झडीमुळे खिडक्या बंद, अंगावर दमट कपडे. एक मूल शिंकू लागले की आठ दिवसांत निम्मा वर्ग खोकत असतो. शाळेतले थोरले भावंड हा आजार घरी आणते आणि दोन-तीन दिवसांत पाळण्यातल्या तान्ह्याचे नाक चोंदते.

दरवर्षीचेच म्हणून आपण ते फारसे मनावर घेत नाही. बहुतेक वेळा त्यात काही बिघडतही नाही. सर्दी-खोकला झालेली बहुतेक मुले आठवडाभरात आपोआप खेळू लागतात. परंतु थोड्या मुलांचा आजार नाका-घशात न थांबता छातीत उतरतो. त्याला आपण न्यूमोनिया म्हणतो. जगात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे सात लाख मुले न्यूमोनियाने दगावतात. त्यांतली फार थोडी श्रीमंत देशांतली असतात. वेळेवर औषध आणि प्राणवायू मिळाला असता तर त्यांतली पुष्कळशी वाचली असती.

मग घरातल्या माणसांपुढे खरा प्रश्न उरतो तो असा : इतक्या खोकणाऱ्या मुलांतून धोक्यातले मूल ओळखायचे कसे? डॉक्टर काही रोज दारात उभा नसतो. या लेखात आम्ही त्याचे एकच उत्तर देणार आहोत. मुलाचा श्वास मोजायला शिका. त्याला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही. सेकंद दाखवणारे घड्याळ आणि एक मिनिटाची शांतता एवढे पुरते.

सर्दी एक, विषाणू अनेक

आपण ज्याला सरसकट ‘सर्दी-पडसे’ म्हणतो ते एकाच जंतूमुळे होत नाही. त्यामागे अनेक जातींचे विषाणू असतात. साध्या पडशाचे विषाणू वेगळे, फ्लूचे वेगळे, आणि २०२० साली जगभर पसरलेल्या कोविडचा विषाणूही आता या मंडळींत येऊन बसला आहे. बाहेरून पाहता सर्वांची सुरुवात सारखीच असते : नाक गळणे, खोकला, थोडाफार ताप.

फ्लू म्हणजे इन्फ्लुएन्झा. तो बहुधा अचानक येतो. सकाळी खेळणारे मूल संध्याकाळी तापाने फणफणते. अंग दुखते, डोके दुखते, लहान मुलांना कधी उलट्या-जुलाबही होतात. ताप तीन ते पाच दिवस राहतो. खोकला मात्र दोन आठवडेही रेंगाळतो. ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच मूल दुसऱ्यांना लागण करू शकते, आणि पुढे पाच-सात दिवस करीत राहते. म्हणूनच तो वर्गात इतक्या झपाट्याने फिरतो.

दुसरा एक विषाणू आपल्याकडे फारसा कोणाच्या तोंडी नाही, पण तान्ह्या मुलांना तोच अधिक छळतो. त्याचे नाव लांबलचक आहे : रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. डॉक्टर त्याला थोडक्यात आर.एस.व्ही. म्हणतात. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो. मोठ्या मुलाला त्याने नुसते पडसे होते. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या छातीतल्या बारीक श्वासनळ्या मुळातच काडीएवढ्या. त्या आतून सुजल्या आणि चिकट कफाने भरल्या की बाळाला श्वास बाहेर सोडणेही जड जाते, छातीतून शिटीसारखा आवाज येतो. हा आजार पहिल्या दिवशी किरकोळ वाटतो आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जोर करतो.

येथे वाचकांनी एक गोष्ट मनात पक्की धरावी. आर.एस.व्ही.च्या आजारात पुष्कळदा ताप अगदी थोडा असतो, कधी नसतोच. अंगाला हात लावून ‘ताप नाही, मग काही नाही’ असे म्हणणारे घर या बाळाच्या बाबतीत फसते. उलट फ्लूमध्ये १०३ अंश ताप असलेले मूल ताप उतरल्यावर उठून भाकरी मागते, आणि ते बहुधा सुरक्षित असते. ताप आपल्याला घाबरवतो खरा, पण धोका किती आहे हे श्वास अधिक खरेपणाने सांगतो.

मानमोडीपासून पुण्याच्या साथीपर्यंत

फ्लू हा काही नवा पाहुणा नव्हे. आपल्या पणजोबांच्या पिढीने त्याला ‘मानमोडी’ म्हटले होते. १९१८ च्या जूनमध्ये तो मुंबईत उतरला आणि पावसाळा सरताना दुसऱ्यांदा उसळला तेव्हा गावेच्या गावे आडवी झाली. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली. त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता. पिके गेली, धान्य महागले, आणि उपाशी अंगावर आजाराने घाला घातला. साथ आणि भूक हातात हात घालून येतात, हा धडा शेतकऱ्याच्या घराने विसरू नये.

त्या काळी हा रोग कशामुळे होतो हेच कोणाला ठाऊक नव्हते. माणसातला फ्लूचा विषाणू शास्त्रज्ञांच्या हाती लागला तो १९३३ साली, लंडनमध्ये. पुढे कळले की या विषाणूचे मूळ घर रानातले पाणपक्षी होत. तेथून तो कोंबड्यांत, डुकरांत आणि माणसांत येतो, आणि येताना रूप बदलतो. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालकांनी बर्ड फ्लूचा फटका सोसला. भारतातील कोंबड्यांमधली ती पहिली नोंदलेली साथ. २००९ साली डुकरांतून आलेला एच१एन१ जगभर पसरला, आणि ऑगस्टमध्ये भारतातला त्याचा पहिला बळी पुण्यात नोंदला गेला. त्या वेळी पुण्यातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तोच एच१एन१ आता दरवर्षीच्या फ्लूचा एक नेहमीचा प्रकार होऊन बसला आहे.

कोंबड्या-डुकरे पाळणाऱ्या आमच्या वाचकांनी यातून दोन साध्या गोष्टी घ्याव्यात. खुराड्याचे काम करून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलाला उचलू नये. आणि कोंबड्या एकाएकी मोठ्या संख्येने मरू लागल्या तर त्या न खाता, न विकता, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

वासराची बरगडी पाहता, तशी मुलाची पाहा

शेतकऱ्याला श्वास पाहायला कोणी शिकवावे लागत नाही. गोठ्यातले वासरू मान टाकून बसले की आपण त्याच्या कुशीकडे पाहतो. भाता किती चालला आहे, बरगड्या आत ओढल्या जातात काय, नाकपुड्या फुलतात काय, हे आपण न सांगता बघतो आणि ‘याला धाप लागली’ असे म्हणतो. आपल्याच मुलाच्या बाबतीत मात्र अंगात झबले, वर स्वेटर, वर दुपटे, डोक्याला टोपी. कुशी दिसतच नाही. मग श्वास पाहणार कसा?

श्वास मोजण्याची रीत अशी :

मूल शांत असावे. झोपलेले असेल तर फारच चांगले, नाही तर आईच्या मांडीवर निजवावे. रडताना किंवा दूध पिताना मोजू नये, कारण तेव्हा श्वास वाढलेलाच असतो. झबले छातीवर सरकवून पोट आणि छाती उघडी करावी. उजेड पुरेसा असावा. पोट वर आले आणि खाली गेले की तो एक श्वास. घड्याळाचा सेकंदकाटा किंवा मोबाइलमधले घड्याळ पाहत पुरे एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची घाई करू नये, कारण लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. एकाने घड्याळ पाहावे, दुसऱ्याने मोजावे म्हणजे चूक होत नाही.

आता आकडे. ते जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले आहेत आणि आपल्या आशाताई व नर्सताईही तेच वापरतात :

दोन महिन्यांच्या आतले बाळ : मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास म्हणजे धोका. (एकदा ६० च्या वर आले तर लगेच पुन्हा एकदा मोजून खात्री करावी.)

दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत : ५० किंवा अधिक.

एक वर्षापासून पाच वर्षांपर्यंत : ४० किंवा अधिक.

ताप फार असेल तर श्वास थोडा वाढतो. तेव्हा तापाचे औषध देऊन अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा मोजण्यास हरकत नाही. पण पुढे सांगितलेली एखादी वाईट खूण दिसत असेल तर तेवढेही थांबू नये.

आकड्याइतकीच महत्त्वाची दुसरी खूण बरगडीची. मूल श्वास आत घेते तेव्हा एरवी छाती फुगते. फुप्फुसे कडक झाली असली की श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग उलट आत ओढला जातो, तेथे खळगा पडतो. छाती अशी आत ओढली जात असेल तर श्वासाचा आकडा काहीही असो, मुलाला लगेच दवाखान्यात दाखवावे.

कोविडच्या वर्षांत पुष्कळ घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. त्यावर ९० टक्क्यांखाली आकडा आला तर ती तातडीची वेळ समजावी. परंतु मोठ्यांचे ते यंत्र बाळाच्या इवल्याशा बोटावर नीट बसत नाही. यंत्राने चांगला आकडा दाखवला म्हणून डोळ्यांना दिसणारी धाप खोटी मानू नये.

गडचिरोलीच्या दायांनी दाखवलेली वाट

‘आकडे मोजणे आम्हां अडाण्यांना कसे जमायचे?’ असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर गडचिरोलीने केव्हाच दिले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील खेड्यांत एक प्रयोग केला. दवाखाना दूर, रस्ते वाईट, आणि मुले न्यूमोनियाने मरत होती. तेव्हा त्यांनी गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि दायांना खोकणाऱ्या मुलाचा श्वास पाहून न्यूमोनिया ओळखायला आणि गावातच औषध द्यायला शिकवले. १९९० साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. प्रयोगाच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या मानाने निम्म्याहून कमी झाले होते.

ज्या दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी तेथे एक साधे साधन बनवले गेले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता येणारी बाई एवढ्यावर मुलाचा जीव वाचवू शकली. मग हातात मोबाइल असलेल्या आपल्या घरांना ते का जमू नये?

केंद्र सरकारने २०१९ साली ‘सांस’ नावाची मोहीम काढली, तिचाही गाभा हाच आहे : घरच्यांनी धाप ओळखावी, आशाताईने श्वास मोजावा, औषधाचा पहिला डोस वेळेवर मिळावा आणि मूल पुढे पाठवावे. आपल्या वाडीच्या आशाताईला एकदा घरी बोलावून तिच्याकडून श्वास मोजणे प्रत्यक्ष शिकून घ्यावे. मूल बरे असताना दोन-तीनदा मोजून पाहिले म्हणजे हात बसतो, आणि आपल्या मुलाचा नेहमीचा श्वास किती हेही कळून राहते.

‘उद्या सकाळी बघू’ म्हणू नये अशा खुणा

पुढीलपैकी एक जरी खूण दिसली तरी रात्र असो, पाऊस असो, लावणीचा दिवस असो, मुलाला दवाखान्यात न्यावे :

श्वास वर दिलेल्या आकड्याइतका किंवा अधिक असणे. बरगड्यांखाली खळगा पडणे. नाकपुड्या फुलणे किंवा प्रत्येक श्वासाला कण्हणे. शांत असतानाही घशातून घरघर ऐकू येणे.

ओठ, जीभ निळसर किंवा राखेसारखी दिसणे.

दूध ओढता न येणे, पाणी पिता न येणे, किंवा घेतलेले सगळे उलटून टाकणे.

फार सुस्त होणे, हाक मारून न उठणे, आकडी येणे.

सहा-आठ तास लघवी न होणे, रडताना डोळ्यांत पाणी न येणे.

तीन दिवसांहून अधिक ताप राहणे. किंवा ताप उतरून मूल सुधारले असे वाटत असताना पुन्हा ताप येऊन खोकला वाढणे. फ्लूने खिळखिळ्या झालेल्या छातीत मागाहून दुसरे जंतू शिरतात, त्याची ही खूण असते.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा न्याय वेगळा. त्याला ९९.५ अंशांचा ताप असो, किंवा अंग गार पडलेले असो, किंवा ते नुसते नीट पीत नसो, घरी काहीही न करता थेट दवाखाना गाठावा. जन्मतः हृदयाला छिद्र असलेली, दमा असलेली, दिवस भरण्याआधी जन्मलेली आणि कुपोषित मुले यांच्याबाबतही असाच सावधपणा हवा. अशा मुलांना फ्लू झाल्यास डॉक्टर ऑसेलटामिव्हिर हे औषध देतात. ते पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर अधिक गुण देते, म्हणून त्यांच्याबाबतीत वाट पाहण्यात तोटाच आहे.

घरोघर होणारा उशीर कशाने होतो हे आपण सारे जाणतो. बाबा शेतावर, आई एकटी, सासूबाई म्हणतात सकाळपर्यंत बघू, गाडीभाड्याला पैसे नाहीत, शेवटची बस गेलेली. म्हणून हे सगळे मूल बरे असतानाच ठरवून ठेवावे. रात्री कोणाची गाडी मागायची? प्राणवायूची सोय असलेला जवळचा सरकारी दवाखाना कोणता? धनी घरी नसताना निर्णय कोणी घ्यायचा? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कर्नाटकात, गोव्यात, महाराष्ट्रात, तसेच मध्य प्रदेश, गुजरात आणि तेलंगणात विनामूल्य येते. हा क्रमांक घरातल्या लहानथोर सर्वांना तोंडपाठ असावा.

घरी काय करावे

धोक्याची खूण नसेल तर मुलाला घरीच विश्रांती द्यावी. विषाणूला मारणारे औषध साध्या सर्दीसाठी नाहीच. शरीर त्याला आपणच हाकलते, आपण त्याला मदत करायची.

अंगावरचे दूध चालू ठेवावे. नाक चोंदल्याने बाळ एका वेळी थोडेच पिईल, म्हणून वरचेवर पाजावे. सहा महिन्यांवरील मुलाला पेज, मऊ भात, वरणाचे पाणी, फळे, जे आवडेल ते थोडे थोडे द्यावे. ‘केळे थंड, ताक थंड, भाताने कफ होतो’ म्हणून मुलाला उपाशी ठेवणे बरे नव्हे. आजारी मुलाला अन्न अधिकच लागते.

नाक मोकळे करण्यासाठी पेलाभर पाणी उकळून गार करावे, त्यात चहाचा पाव चमचा मीठ विरघळवावे, आणि पाजण्यापूर्वी प्रत्येक नाकपुडीत दोन-दोन थेंब सोडावेत. हे पाणी रोज ताजे करावे. खोकल्यासाठी एक वर्षावरील मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा मध चाटवावा. एक वर्षाच्या आत मात्र मध मुळीच देऊ नये. त्यातून तान्ह्याला बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

तापासाठी पॅरासिटामॉल पुरते. त्याचे माप वयावर नसून वजनावर असते : एका किलोला १५ मिलिग्रॅम. म्हणजे १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. दोन डोसांमध्ये सहा तासांचे अंतर ठेवावे. येथे एक फसगत होते. बाजारात या औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. एका बाटलीच्या चमच्यात १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, तर दुसरीच्या तेवढ्याच चमच्यात २५०. थेंबांची बाटली तर त्याहूनही दाट. शेजारणीने तिच्या बाटलीचे माप सांगितले म्हणून आपण आपल्या बाटलीचे तेवढेच द्यायचे नसते. बाटलीवरचा आकडा वाचावा, वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून माप काढून घ्यावे.

काय करू नये

फ्लूच्या मुलाला ॲस्पिरिन देऊ नये. त्याने मेंदू आणि यकृत यांना इजा करणारा एक दुर्मीळ पण घातक आजार होऊ शकतो.

जंतुनाशक औषधे, म्हणजे अँटिबायोटिक, मागून घेऊ नयेत. ती जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाहीत. न्यूमोनिया असेल तर डॉक्टर ती देतीलच, आणि मग ती सांगितलेले सगळे दिवस पुरी द्यावीत. पण साध्या सर्दीला ‘एक सुई मारा’ म्हणून हट्ट धरल्याने औषधाची धार बोथट होते आणि खरी गरज पडेल त्या दिवशी ते चालत नाही. नाव न लिहिलेल्या पुड्या तर घेऊच नयेत. त्यात काय आहे हे पुढच्या डॉक्टरला आपण सांगू शकत नाही.

खोकल्याच्या गोड औषधांविषयी आम्ही विशेष कळकळीने सांगतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात अशा एका औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक लहान मुले गेली. त्यांतल्या पुष्कळांना सुरुवातीला साधा खोकला-तापच होता. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती साधारणपणे टाळावीत. विष नसलेल्या चांगल्या बाटलीनेही लहान मुलाचा खोकला लवकर बरा होतो असे नाही. मग ती घ्यायची कशाला?

बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधू नये, छातीला कापराचे तेल चोळू नये. कापूर पोटात गेला तर आकडी येते. उकळत्या पाण्याची वाफ देताना भांडे कलंडून पोळलेली मुले दवाखान्यांनी पुष्कळ पाहिली आहेत, म्हणून लहानांना वाफ नको. आणि मेळघाटात व मध्य प्रदेशातील काही भागांत धाप लागलेल्या तान्ह्याच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची जी रीत आहे, तिचे तर कोणत्याही घरात समर्थन होऊ नये. धाप आतल्या फुप्फुसांत असते. डागाने ती कमी होत नाही, फक्त आणखी एक जखम होते आणि दवाखान्याची वेळ निघून जाते.

लसी : काही फुकट, एक विकत

न्यूमोनिया टाळणाऱ्या काही लसी सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पेंटाव्हॅलेंट लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. तिच्यात डांग्या खोकल्याविरुद्ध आणि हिब नावाच्या जिवाणूविरुद्ध संरक्षण असते. न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर मोफत दिली जाते, सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशी. गोवराची लस नऊ महिन्यांना आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास. गोवरामागून येणारा न्यूमोनिया फार वाईट असतो, म्हणून ती चुकवू नये. लावणीच्या धामधुमीत लसीची तारीख मागे पडते. घरातले लसीकरणाचे कार्ड आजच काढून पाहावे.

फ्लूची लस राष्ट्रीय मोफत यादीत नाही, ती विकत घ्यावी लागते. सहा महिन्यांवरील मुलांना ती देता येते. नऊ वर्षांखालील मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढे दरवर्षी एक. दरवर्षी का? कारण हा विषाणू रूप पालटत राहतो, आणि जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा बसून लसीत कोणते प्रकार घालायचे ते ठरवते. आपल्या भागात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, आणि दुसरी लहान लाट जानेवारी ते मार्चच्या दरम्यान येते. म्हणून लस एप्रिल-मेमध्ये, पावसाआधी घ्यावी. दमा, हृदयविकार अशी दुखणी असलेल्या मुलांसाठी ज्यांना जमेल त्यांनी हा खर्च अवश्य करावा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ती देता येत नाही, पण आईने गरोदरपणी घेतली तर तिचे संरक्षण बाळाला मिळते.

धूर, हात आणि गर्दी

पावसाळ्यात लाकडे ओली असतात, चूल धुमसते, आणि पाठीला बांधलेले किंवा चुलीशेजारी निजवलेले बाळ तो धूर दिवसभर घेते. धुराने मुलांचा न्यूमोनिया वाढतो हे आता पक्के ठाऊक झाले आहे. गॅस असेल तर निदान बाळाच्या घरात तरी तो पावसाळ्यासाठी राखून ठेवावा. चूलच असेल तर सरपण उन्हाळ्यातच वाळवून झाकावे, कौलातून धूर जायला वाट करावी, आणि बाळाचा पाळणा दुसऱ्या खोलीत टांगावा. घरात विडी-सिगारेट ओढणाऱ्या बाबांनी आणि आजोबांनी ती अंगणात नव्हे, तर अजिबात सोडलेलीच बरी.

विषाणू खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून येतो तसा हातांवरूनही येतो. फ्लूचा विषाणू दाराच्या कडीवर, पेल्यावर एक दिवसभर जिवंत राहू शकतो. म्हणून शाळेतून आलेल्या मुलाने आधी साबणाने हात धुवावेत, मगच बाळाला घ्यावे. खोकताना तोंडावर कोपर धरण्याची सवय लावावी. सर्दी झालेल्या मोठ्या माणसाने बाळाचा मुका घेऊ नये, मग ती लाडकी आत्या असो की मुंबईहून आलेला मामा. बाळ पाहायला येणाऱ्यांना हे सांगताना संकोच वाटतो खरा, पण त्यात कोणाचा अपमान नाही.

ताप असलेल्या मुलाला शाळेत पाठवू नये. औषधाशिवाय पुरे चोवीस तास ताप आला नाही म्हणजे पाठवावे. बाजार, लग्न, फेस्त आणि रविवारची मिस्सा यांनाही हाच नियम लावावा. आजारी बाळाजवळ आई घरी राहिली तर तिने काही चुकवले असे कोणी मानू नये. आणि ज्या घरी एकटी आई दोन आजारी मुले सांभाळते आहे, तेथे शेजाऱ्यांनी एक वेळची भाकरी पोचवावी किंवा एक दिवस तिच्या लावणीला हात द्यावा. दवाखान्याचा उशीर पुष्कळदा तेवढ्या मदतीने टळतो.

आमच्या वाचकांना एवढीच विनंती आहे. श्वासाचे ते तीन आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावेत : ६०, ५०, ४०. त्याखाली १०८ लिहावे. तो कागद घड्याळाखालच्या भिंतीवर चिकटवावा, आणि वाचता न येणाऱ्या आजीला तो एकदा वाचून दाखवावा. रात्री बाळाजवळ जागी असते ती बहुधा तीच.